कुलूप ओढून बघणारे पाय

आमच्या घरात नवी वस्तू आली की ती आधी मी वापरून दाखवायची, असा दंडक आहे. खोकल्याचं औषध असो, कानात घालायचे थेंब असोत, गुडघ्यांचं मलम असो, आई एकच वाक्य म्हणते, "आधी तू करून दाखव." कवळीच्या वेळी मी साफ नकार दिला होता, हे नमूद करून ठेवतो. बाकी सगळं केलं. मला न झालेला खोकला बरा झालेला आहे आणि मलम चोळून चोळून माझे गुडघे तान्ह्या बाळासारखे मऊ पडले आहेत. आईचं म्हणणं असं, की लहानपणी माझं दूध ती आधी स्वतःच्या हातावर टाकून बघायची, मग आता मी बघितलं तर काय बिघडलं? विमा कंपनीत जन्म काढलेल्या माणसाकडेही या युक्तिवादाला उत्तर नाही.

हे आधीच सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याचा दोष लोक यंत्राला देतात. यंत्र बिचारं गरीब होतं.

मुद्दा इतकाच, की आईला चौथ्या मजल्यावरून खाली उतरायचं होतं. आमची लिफ्ट गेल्या हिवाळ्यापासून बंद होती. तिच्यात झाडलोटीच्या बादल्या राहायच्या. दुरुस्तीला तीन कोटेशनं लागतात असा नियम आहे आणि आमचे सेक्रेटरी नियमाला पक्के. आमच्या नशिबी कोटेशनं दोनच यायची. तिसरं येईपर्यंत पहिल्याची मुदत संपायची, की पुन्हा दोनच उरायची. प्रत्येक सभेत सेक्रेटरी हे इतक्या समाधानानं सांगायचे, की आपणच काहीतरी वावगं मागतोय असं वाटून आम्ही चहा पिऊन घरी यायचो.

लिफ्ट आणि आईचे गुडघे साधारण एकाच सुमाराला गेले, आणि आई वर अडकली. तळमजल्यावर राहतात मावशी. म्हणजे सख्ख्या नव्हेत; आईच्या मैत्रीण, आणि पत्त्यांतल्या जिवाभावाच्या वैरीण. त्यांचं हृदय नाजूक, डॉक्टरांनी जिना बंद केलेला, म्हणून त्या खाली अडकल्या. लिफ्ट बिघडली त्या दुपारी दोघींचा डाव ऐन रंगात होता. "लिफ्टचं काही खरं नाही, आत्ताच्या आत्ता चल," असा आरडाओरडा करून मी आईला हातातल्या पत्त्यांसकट वर आणलं. ती लिफ्टची शेवटची फेरी. तेव्हापासून आईचे पत्ते कपाटात आईच्या शालीखाली, मावशींचे खाली त्यांच्या टेबलावर पालथे, आणि आपण चोरून बघितलेलं नाही असं दोघी बाल्कनीतून एकमेकींना ओरडून सांगायच्या. मधल्या तीन मजल्यांना हे पाठ झालं होतं.

आणि मग एके दिवशी खालून मावशींचा आवाज आला, "अगं, रविवारी सकाळी मी लेकीकडे चाललेय. कायमची."

आई बाल्कनीतून आत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी उतरणार."

ही बातमी फुटायला वेळ लागला नाही आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या दारातले प्राध्यापक, ज्यांचा विषय मला आजतागायत कळलेला नाही, पण सगळ्या विषयांवर ज्यांना मत आहे, ते म्हणाले, बाल्कनीला कप्पी बसवा. मी विचारलं, आईला काय सामानासारखं सोडायचं? ते म्हणाले, सामान म्हणू नका, भार म्हणा. माझी बायको म्हणाली, फोनवर एकमेकींना बघू द्या. आई म्हणाली, "फोनवर भेटायला ती काय परदेशात आहे? ती खाली आहे!" मी म्हणालो, खुर्चीत बस, चौघं मिळून उचलून नेऊ. त्यावर आईनं माझ्याकडे असं बघितलं, की मी आपोआप दोन पावलं मागे सरलो.

"चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार आहे," आई म्हणाली. "आणि तेव्हा मला ते बघावं लागणार नाही."

तेव्हा मी ठरवलं, की आईला तिच्या स्वतःच्या पायांनी खाली न्यायचं. एकदा ठरवलं की मी हटत नाही. हा माझा गुण आहे, जरी घरात त्याला दुसरं नाव असलं तरी.

आमच्या ऑफिसात एका गोदामाची फाइल आली होती. तिथले कामगार पायांना मोटरचे दांडे बांधून जड खोकी उचलत. कमरेला पट्टा, पट्ट्यात बॅटरी, मांडी आणि पोटरीला दांडे, गुडघ्याला मोटर. माणूस पाय उचलायचा नुसता विचार करतो, बाकी कष्ट यंत्राचे. ते बनवणाऱ्या कंपनीला मी फोन केला, परत केला, आणि पलीकडच्या माणसाचा आवाज रडवेला होईपर्यंत करत राहिलो. शेवटी गुरुवारी एक इंजिनीअरबाई भली मोठी पेटी घेऊन चार मजले चढून आल्या. आठवडाभर वापरून बघा म्हणाल्या.

"हे चालणाऱ्याची चाल शिकतं," त्या म्हणाल्या. "दोन दिवस घालून नेहमीसारखं चढायचं-उतरायचं. मग ते तुमच्या आधी तुमचं पुढचं पाऊल ओळखतं. मात्र काका, ज्याला वापरायचंय त्यानंच घालायचं हं."

काका म्हटल्यामुळे माझं अर्धं लक्ष उडालं. मी त्यांच्या वडिलांच्या वयाचा असेनही, पण वडिलांनाही कोणी तोंडावर काका म्हणत नाही. उरलेलं अर्धं लक्ष आईनं उडवलं. ती पेटीत वाकून म्हणाली, "मी असलं काही घालायची नाही. आधी तू करून दाखव."

झालं. दंडक तो दंडक. मी घातलं.

ते दोन दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. पहिल्यांदा जिना चढलो तेव्हा माझे पाय माझ्या पुढे दारात पोचले आणि मी मागाहून आलो. बिल्डिंगमध्ये बातमी पसरली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी बटाट्यांचं पोतं वर नेऊन मागितलं. प्राध्यापकांनी पुस्तकांचं कपाट. "जाताच आहात तर," हे आमच्या बिल्डिंगचं ब्रीदवाक्य आहे. मी ऑफिसातही तसाच गेलो, कारण 'नेहमीसारखं' म्हणजे नेहमीसारखं. बसस्टॉपवर थांबायचं मनात होतं, पाय थांबायला तयार होईनात, तेव्हा पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेलो आणि तिथे एका खांबाला धरून उभा राहिलो. साहेबांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि अपंगत्वाच्या दाव्याचा कागद हळूच पुढे सरकवला. मी तो मानानं परत केला.

शुक्रवारी संध्याकाळी सेक्रेटरी आले. हातात सोसायटीची नियमावली.

"माणसांची वरखाली वाहतूक करणारं कोणतंही यंत्र," त्यांनी वाचून दाखवलं, "सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय इमारतीत चालवता येणार नाही. म्हणजे ही लिफ्ट झाली."

"ही पँट आहे," मी म्हणालो. उभा जन्म मी कलमं लावून लोकांचे दावे नाकारले आहेत. शब्दाला शब्द लावणं माझ्या हातचा मळ आहे. "पट्टा आहे, बक्कल आहे, दोन पाय घालायला दोन जागा आहेत. पँटला मंजुरी लागते का?"

"पँटला चार्जिंग लागत नाही."

"तुमच्या घड्याळाला लागतं. म्हणून ते काय वाहन झालं?"

सेक्रेटरींनी घड्याळ बाहीखाली सरकवलं. मग "लेखी कळवतो" म्हणून निघून गेले. माणूस वाईट नाही, पण नियम दिसला की त्याला माणसं दिसेनाशी होतात.

इथे माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. ऑफिसात माझ्याकडे घरफोडीचे दावे येतात. प्रत्येक दाव्यात एक वाक्य हटकून असतं, 'कुलूप लावल्याचे पक्के आठवते.' अशी वाक्यं वर्षानुवर्षं वाचलेल्या माणसाला स्वतःचं काहीही पक्कं आठवत नाही. म्हणून मी घराबाहेर पडलो की जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत जातो, थांबतो, परत वर येतो, कुलूप ओढून बघतो आणि मग निघतो. यात माझ्या मते काही गैर नाही. बायकोचं मत वेगळं आहे, पण ती तोवर रिक्षात बसलेली असते.

रविवार उजाडला. खाली मावशींच्या जावयाची गाडी लागली. आईनं आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली, बायकोची सैल पँट, आणि आरशात दोनदा बघून घेतलं. मग कपाटातून ते पत्ते काढले, न बघता, डोळे घट्ट मिटून, आणि शालीत गुंडाळून काखेत धरले. आम्ही यंत्र चढवलं. दार ओढून मी कुलूप लावलं.

आणि आई उतरायला लागली! गेले कित्येक महिने जी बाई पलंगावरून उठताना "आई गं" म्हणायची, ती कठड्याला नुसतं बोट लावून पायऱ्या उतरत होती. "हात सोड रे माझा," म्हणाली. बायकोनं डोळे पुसले. दारात उभ्या प्राध्यापकांनी टाळी वाजवली.

पहिल्या वळणावर आई थांबली. वळली. आणि भराभरा पायऱ्या चढून वर आली, दारासमोर उभी राहिली, नाक कुलपाला टेकेल इतकी.

"मला इथं कशाला आणलं?" तिनं विचारलं.

पुन्हा उतरवलं. वळणावर गेली, थांबली, वळली, वर आली. तिसऱ्या खेपेला मी वळणावर आडवा उभा राहिलो, तर आई मला बाजूला सारून वर गेली. यंत्राला जोर भारी होता. एव्हाना जिन्यात गर्दी जमली होती. बटाटेवाल्या बाई खालून वर बघत होत्या.

"अहो," प्राध्यापक अतिशय कोवळ्या आवाजात म्हणाले, "हे हुबेहूब तुमच्यासारखं करतंय."

माझी ही सवय माझी खासगी बाब आहे अशी माझी समजूत होती. जिन्यातल्या एकूणएक माणसानं मान डोलावली. मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी कुलपाकडे बघितलं.

इंजिनीअरबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काका, यंत्र चुकत नाहीये. ते शिकलंय. दोन दिवस कोणी घातलं होतं?"

"मी," मी कबूल केलं.

"पुसता येईल. पण इकडे आणावं लागेल, आणि आज रविवार."

खालून हॉर्न वाजला. आई दारासमोरच्या पायरीवर बसली होती. तिनं शालीतल्या पत्त्यांवर हात ठेवला होता आणि ती जिन्याच्या वळणाकडे बघत होती, जणू तिथून मावशीच वर येणार आहेत. चाल माझी, चूक माझी, आणि खोळंबा तिचा.

मी बायकोला म्हणालो, "तू खाली जा. गाडीसमोर उभी राहा. गाडी हलता कामा नये." ती धावत गेली. मग मी आईच्या पायांतून यंत्र काढलं आणि माझ्या पायांत चढवलं. ते शिकलं होतं ना माझी चाल? मग माझ्याच पायांना कामाला लावायचं.

"पाठुंगळी बस," मी म्हणालो.

"उचलणार किती जण?"

"मी एकटा."

"मग चालेल," आई म्हणाली.

प्राध्यापकांनी आणि बटाटेवाल्या बाईंनी आईला माझ्या पाठीवर चढवलं आणि चादरीनं बांधलं. "वा, श्रावणबाळ!" प्राध्यापक म्हणाले. श्रावणबाळाच्या आईवडिलांनी "वाकू नकोस, नीट बघून चाल, पोट आत घे" अशा सूचना दिल्या असतील असं मला वाटत नाही. पण खरं सांगतो, सूचना मला ऐकूच येत नव्हत्या. आई इतकी हलकी कधी झाली, हाच विचार चालला होता. बटाट्यांचं पोतं जड होतं. हिला उचलायला खरं तर यंत्राचीही गरज नव्हती, आणि हे मला घरात राहून कळलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

पहिलं वळण आलं. पाय थांबले.

आता गंमत अशी, की थांबले ते फक्त यंत्राचे पाय नव्हते. कारण त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की चादर आणायला माझ्याकडून किल्ली घेऊन प्राध्यापक आत गेले होते, मग ते आईला बांधायला लागले, मग माझे दोन्ही हात मागे आईला धरलेले, आणि कुलूप परत कोणी लावलं हे मला आठवत नव्हतं. पक्कं काय, कच्चंही आठवत नव्हतं. यंत्रानं उजवा पाय वळवला. डावा वळवला. उजवा पहिली पायरी चढला. खालून हॉर्न वाजला, लांबलचक.

"काय झालं?" आईनं कानाशी विचारलं.

"कुलूप."

आईनं मान वळवून वर दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "अरे, घरात चोरानं नेण्यासारखं आहे काय? मी तर तुझ्या पाठीवर आहे."

मी दात आवळले आणि पाय खाली ओढला. मोटरनं वर ओढला. मी पुन्हा खाली. कठड्याला खांदा टेकून, घाम पुसायला हात नाही अशा अवस्थेत, मी माझ्याच चालीशी कुस्ती खेळत होतो, आणि ती चाल माझ्याइतकीच हट्टी होती. आईनं माझ्या डोक्यावर टप्पल मारली, लहानपणी मारायची तशी. "चल म्हटलं ना!" मोटर कुरकुरली. आणि पाय खाली पडला.

दुसऱ्या वळणावर यंत्र नुसतं घुटमळलं. तिसऱ्यावर थांबलंसुद्धा नाही.

गाडीसमोर बायको हात पसरून उभी होती. जावई घड्याळ बघत होते. मागच्या सीटवर, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून मावशी बसल्या होत्या. मी आईला त्यांच्या शेजारी उतरवलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"केवढी वाळलीस गं," मावशी म्हणाल्या. "वरून धिप्पाड दिसायचीस."

"आणि तुझी नुसती टाळू दिसायची मला," आई म्हणाली. "तोंड विसरले होते मी तुझं."

मग त्या रडल्या, आणि मग एकमेकींना रडल्याबद्दल रागावल्या. जावयांनी घड्याळ बघणं सोडून दिलं. मावशींनी पर्समधून आपले पत्ते काढले, सोबत जोडातले उरलेले पत्ते, आणि सगळे आईच्या मांडीवर ठेवले. "घे. जोड तुझाच आहे. आता कुठला डाव नि कुठलं काय."

आईनं त्यातला मावशींच्या हातचा गठ्ठा उचलला आणि पालथाच त्यांच्या पर्समध्ये परत कोंबला. पर्सची चेन स्वतः लावली.

"एवढ्यासाठी मी या गाढवाच्या पाठीवरून आले होय?" ती म्हणाली. "डाव अर्धा आहे. उतारी तुझी आहे. माझे पत्ते माझ्याकडे, तुझे तुझ्याकडे. बघायचे नाहीत. आणि सोडून जायचं नाही."

सोडून जायचं नाही म्हणजे गाव नव्हे, हे मावशींना कळलं. त्यांनी पर्स पोटाशी धरली आणि मान हलवली. गाडी गेली. आई फाटकाशी, बायकोच्या खांद्याला धरून, ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होती.

वर आलो, तर दार सताड उघडं. आणि दारात, आमच्याच खुर्चीवर, मांडीवर नियमावली आणि हातात लेखी नोटीस घेऊन सेक्रेटरी बसले होते.

"घर उघडं टाकून गेलात!" ते माझ्यावर ओरडले. "कोणीही शिरलं असतं! मी नोटीस द्यायला आलो, बघतो तर हे असं. तेव्हापासून इथून हललेलो नाही. माझा नाश्ता राहिलाय."

माझ्या पाठीवरून आई म्हणाली, "फार उपकार झाले हो. उद्यापासून याच वेळेला येत जा. लिफ्ट होईपर्यंत मी रोज खाली जाणार आहे, आणि याला कुलूप लावायला हात मोकळा नसतो."

सेक्रेटरींनी तोंड उघडलं, पण या परिस्थितीला कलम नव्हतं. सोमवारी ते आले. खुर्चीत बसले. मंगळवारी स्वतःची उशी घेऊन आले. बुधवारी तिसरं कोटेशन आलं.

यंत्र मुदतीत परत गेलं. इंजिनीअरबाईंनी ते तपासून फोन केला, म्हणाल्या, "काका, ती वळणावरून परत फिरायची सवय त्यातून पार गेलीय. एका उतरण्यात विसरलं ते." मी त्यांचं अभिनंदन केलं. यंत्र ते यंत्र, मला ते तेवढ्यात जमलेलं नाही. बादल्या निघाल्या, लिफ्ट सुरू झाली, आता आई तिच्या काठीवर रोज खाली जाते. रोज लिफ्टचं दार उघडतं, मी आत पाय टाकतो आणि थांबतो. मग आई काठी दारात आडवी घालते आणि म्हणते, "जा, ओढून ये एकदा. मी धरलंय."